मागची सीट आणि मोठी कात्री

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (पाठ अजून पुरती वाकत नाही, तेव्हा आठातली दोन-तीन अंगं आज राहून गेली आहेत. ती मागाहून पोचती करीन.) तुझी तब्येत बरी असेल, गुडघा कुरकुरत नसेल आणि सूनबाई तुला कशाला हात लावू देत नसेल, तर ते तुझ्या भल्यासाठीच आहे असं समजून गप्प बसत असशील अशी आशा आहे. चिरंजीवांना आशीर्वाद. मी मजेत आहे. पत्र लिहिण्यास कारण की, जाताना तू कापायची मोठी कात्री घेऊन गेलीस, ती मला ताबडतोब हवी आहे. दहा दिवसांसाठी लेकाकडे जाणारं माणूस चष्मा नेतं, औषधं नेतं. कात्री कोण नेतं? आणि दहा दिवसांचे अडीच महिने झाले, तेही असू दे. मी भांडायला लिहीत नाहीये.

आधी एक कबुली देते. आपली सायकलची सहल मी रद्द केली नाही. करते म्हणाले होते, फोन उचललासुद्धा होता, पण समोर ते चित्र होतं. एकोणीस वर्षं तुझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर टाचणीनं टोचलेलं, कडा पिवळ्या पडलेलं, तरी तू काढू न दिलेलं. आगगाडीचे जुने रूळ उखडून केलेला रस्ता, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि खाली लिहिलेलं, की इथे मोटारींना मज्जाव आहे. सायकलवर असताना त्या बसनं तुझी बाही ओढत नेल्यापासून तू सायकलचं नाव टाकलंस, पण शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम उरकलं की दर वर्षी म्हणायचीस, जाईन तर तिथेच जाईन. यंदा एकदाची नोंदणी केली, आणि मग मला दुर्बुद्धी सुचली. तू बाहेर गेलेली असताना मी डॉक्टरांचा कोट कापायला घेतला. (तीस वर्षं तू कापतेस, मी शिवते. एकदा आपणही कापून बघावं, एवढंच मनात होतं.) दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. तू म्हणालीस, तुला जन्मात एक रेघ धड ओढता यायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन गाडीत बसलीस.

तर मी एकटी आले. नोंदणी दोघींची, म्हणून सायकलही दोघींची. तूच हट्टानं निवडलेली, पुढे एक सीट, मागे एक सीट, हँडल माझ्या हातात आणि हुकूम तुझे. अशा सायकलीची एक खोड आहे, ती आधी कुणी सांगत नाही. पुढचीनं पेडल मारलं की मागची पेडलंही फिरतात, वर कुणी असो नसो. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की मागचं माणूस आत्ताच पडलं. पहिल्याच दिवशी एक म्हातारे गृहस्थ छत्री हलवत माझ्यामागे एवढं पळाले की शेवटी मलाच त्यांना पाणी पाजावं लागलं. दुपारपर्यंत आणखी चौघांनी थांबवलं. एक बाई तर परत मागे जाऊन रस्त्याकडेच्या चरात वाकून बघून आल्या. बहीण रुसून लेकाकडे गेली आहे हे परक्या माणसाला कुठे सांगत बसणार? मी म्हणाले, पुढच्या मुक्कामी भेटणार आहे. मग हेच तोंडात बसलं. पुढच्या मुक्कामी दोन बिछाने घातलेले, सकाळी दोन ताटं मांडलेली. तुझंही मीच खाल्लं, त्याला इलाज नव्हता.

रस्ता मात्र चित्रातल्यापेक्षा चांगला निघाला, आणि याचाच मला राग आला. भोंगा नाही, धूर नाही, नुसती साखळीची करकर आणि पानांचं हलणं. घड जांभळे व्हायला लागलेले. वेलांच्या ओळी इतक्या सरळ की तुलासुद्धा नाव ठेवायला जागा नाही. मी रस्ताभर मागे बोलत होते. ही ओळ बघ, तो पक्षी बघ, ते घर आपल्या शाळेसारखं दिसतं की नाही. एका चढावर दम लागला तेव्हा चिडून म्हणालेसुद्धा, ताई, जरा पाय मार. मग आठवलं. मग खाली उतरले आणि बराच वेळ सायकल हातानंच ढकलत नेली.

घोटाळा तिसऱ्या दिवशी झाला. डबा खायला सावली शोधत मी रस्ता सोडून बागेत शिरले. आत सगळ्या ओळी सारख्याच, आणि डावी-उजवी सांगायला तू नाहीस. तेव्हा मी ओटीतला खडू काढला (खडू मी कुठेही नेते, तू कात्री नेतेस) आणि जिथे वळले तिथल्या पहिल्या वेलाच्या खोडावर फुली मारत गेले. आपल्याकडे फुलीचा अर्थ ठरलेला आहे, तूच ठरवलेला: इथे कात्री लावायची नाही. माझ्या लेखी यापेक्षा निरुपद्रवी खूण जगात नव्हती. डबा खाल्ला, जरा लवंडले, डोळा लागला. उठून बघते तर एकही फुली सापडेना, आणि जिथे जिथे ती असायला हवी तिथे ताजा खड्डा. त्या बागेत रोग लागलेल्या वेलावर खडूनं फुली मारतात, आणि मारली की गडी येऊन वेल मुळासकट उपटतात. नेमका त्याच दिवशी ते उपटत होते. माझे सात गेले. सातही निरोगी, मालकिणीच्या सासऱ्यांनी लावलेले. गडी खूश होते, कारण एवढ्या सुबक फुल्या त्यांना आजवर कुणी मारून दिल्या नव्हत्या. (एक रेघ धड ओढता येत नाही म्हणे.)

मालकीण विधवा बाई आहेत, थोडं बोलतात. खड्ड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, रिकाम्या सीटकडे बघितलं आणि विचारलं, तुम्हाला काय येतं? मी म्हणाले, शिवता येतं. तेव्हापासून मी इथे आहे. सहा दिवसांची सहल होती, आज सोळावा दिवस. पाखरांनी घड खाऊ नयेत म्हणून ओळींवर जाळ्या टाकतात, त्या सगळ्या फाटल्यात. द्राक्षं उतरायला महिना आहे, त्याच्या आत जाळ्या झाल्या तर सात वेलांचा विषय त्या काढणार नाहीत. खोली चांगली आहे, खिडकीखाली मशीन ठेवलंय, उजेड डावीकडून येतो. शिवण्याचं काही नाही गं. पण जुनी जाळी कुठून कापायची आणि कुठे ठिगळ लावायचं, हे मला ठरवता येत नाही. छाटणीची कात्री जाळी चावते, कापत नाही. मी जाळी पसरते, तिच्यासमोर उभी राहते आणि वाट बघते. तीस वर्षांची सवय आहे. समोरून कापलेला तुकडा येतो आणि मग माझं काम सुरू होतं. इथे समोरून काही येत नाही. करमत नाही मला, ताई.

तेव्हा कात्री तेवढी पाठव. पत्ता मागे लिहिला आहे. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि सूनबाईंना सांग की तुला एखादी चादर तरी कापायला देत जा, नाहीतर तू पडदे कापशील.

तुझी,
धाकटी

ता. क. डॉक्टरांचा कोट अजून खुंटीवर आहे. बाह्या उसवून ठेवल्यात. चूक माझीच होती, हे त्याच दिवशी म्हणायला हवं होतं. तू कात्री पिशवीत घालताना मी दारात उभी होते आणि तरी म्हणाले नाही.

ता. क. दुसरा: रागावू नकोस, पण फुल्या कुणी मारल्या असं मालकिणीनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. बहीण उद्या-परवा येऊन स्वतः माफी मागेल, असंही गेलं. त्या रोज तुझं ताट मांडतात.

ता. क. तिसरा: पोस्टात धारदार वस्तू घेत नाहीत असं ऐकलं. घेतही असतील. मी चौकशी केलेली नाही आणि तूही करू नकोस.

ता. क. शेवटचा: सायकल मी परत केलेली नाही. स्टेशनापासून इथपर्यंत तोच रस्ता आहे, एकही मोटार लागत नाही. मागची सीट तुझ्या मापानं लावून घेतली. सगळ्यांची मापं तू घेतेस, पण तुझं माप आजवर मीच घेत आले, त्यासाठी मला वही लागत नाही. गुडघ्यापासून टाचेपर्यंत साडेसोळा. लेकाकडे बसून कंबर वाढली असेल, पाय काही वाढत नाहीत. गाडी कळव, मी सायकल घेऊन येते.