मांजर पाळायलाही बंदी

बाई, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलोय. अणदूरला तुम्ही आम्हाला इतिहास शिकवायचात. पुस्तकात जर्मनीतल्या ज्यूंवर दोनच ओळी होत्या, म्हणून तुम्ही तिथले कायदे वहीत उतरवून आणलेत आणि एकेक वाचू लागलात. ज्यूंना सरकारी नोकरी नाही. नागरिकत्व नाही. इतरांशी लग्न नाही. पोरांना शाळा नाही, बागेतल्या बाकावर बसायचं नाही, सायकल ठेवायची नाही. आम्ही मुकाट लिहून घेतोय. मग तुम्ही वाचता, मांजर पाळायलाही बंदी, आणि मी फिस्सकन हसतो. माझ्यामागून सगळा वर्ग हसतो.

वाटलं, आता छडी. तुम्ही शांतपणे म्हणालात, "हसा. तिथल्या शेजाऱ्यांनाबी हसूच आलं असंल. म्हणून तर पुढचा कायदा करता आला." त्यापेक्षा मार परवडला असता.

आता मी मुख्याध्यापक आहे. गावाबाहेर पालं ठोकून राहणाऱ्यांची सात पोरं माझ्या शाळेत येतात. मागच्या आठवड्यात शाळा समितीच्या बैठकीत चहा झाल्यावर एक पालक अगदी गोडीत म्हणाले, "सर, पालावरच्या पोरांची पंगत तेवढी येगळी बसवा. बाकी आमचं काय म्हणणं न्हाय." दुसरे म्हणाले, "लई मळकी असत्यात हो." सगळे हसले. मी हसलो नाही, बाई. ठरावाची वही पुढं आली, ती मी तशीच मागं सारली. "मग सर, तुमच्या बदलीचं बघावं लागंल," म्हणाले. म्हटलं, "खुशाल बघा."

आज दुपारी व्हरांड्यात एकच पंगत बसली. त्या सातांतली एक मुलगी सरपंचांच्या नातवाकडून लिंबाची फोड हिसकावून घेत होती. मला फार अभिमान वाटला, तुमचा आणि थोडा माझाही. तुम्ही असतात तर 'माझ्या हाताखालचा आहे' म्हणून गावभर सांगितलं असतंत.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते बरंच आहे. कारण बैठकीत मी 'हे चूक आहे' असं म्हणालोच नाही. 'नियमात बसत नाही' म्हणालो, आणि सुटलो. नियमात बसत असतं, तर मी काय केलं असतं, ते मला अजून सांगता येत नाही.