कवेलूंचा कोठा

गोंदिया, १४ एप्रिल २०२४

चि. केवळराम यास मंदाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला हल्ली निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तू पुटपुटतोस, म्हणून लिहिते. उत्तरही लिहूनच पाठव. अक्षराची लाज बाळगू नकोस, मी आयुष्यभर सातवीच्या वह्या तपासल्या आहेत.

गुरांच्या कोठ्याचं काम या उन्हाळ्यात करायचंच. आढं वाकलं आहे, मागची भिंत फुगली आहे. गजेंद्रचं म्हणणं मला कळलं: पाडा आणि टिनाचं शेड टाका. तुझा मुलगा नागपूरला कूलरपुढे बसतो. मे महिन्यात टिनाखाली जनावर भाजून निघतं, हे त्याला सांग. बाबांनी छपरावर देशी कवेलू, मातीची कौलं, घातले ते हौस म्हणून नव्हे. बी.ए.चा अभ्यास मी दुपारी त्याच कोठ्यात केला, कारण घरापेक्षा तिथं गार असायचं. बैल तणसाचं रवंथ करायचे आणि मी अर्थशास्त्राचं.

तर कवेलूच. सागाचे खांब चांगले असतील ते ठेव. काम होईपर्यंत खैरा आणि कबरा या बैलांना मोहाच्या झाडाखाली बांध. खर्च माझा, त्यावर बोलू नकोस. तुझी जोडी त्या छपराखाली सुखानं म्हातारी व्हावी, एवढंच मला हवं आहे.

सुशिलेला आठवण सांग. लोभ असावा, आणि उत्तरही असावं.

तुझी
मंदाताई

करंजटोला, ता. आमगाव
२६ मे २०२४

ती. ताईस केवळरामाचा सा. न. वि. वि.

छप्पर उतरवलं. निम्मे कवेलू हातातच फुटले. आपला कुंभार आता कवेलू घडवत नाही. भट्टी मोडून तिथं त्यानं किराणा दुकान टाकलं. सालेकसाकडे लोकांना घरकुल मिळून राहिले, ते जुन्या घरावरचे कवेलू काढून देतात. तिकडून थोडे थोडे आणून राहिलो. पण एका गावचे दुसऱ्या गावच्याशी बसत नाहीत, म्हणून निवडून घ्यावे लागतात. वेळ लागेल.

बैल मोहाखाली आहेत. कबरा दोर सोडवून जुन्या जागी जातो आणि उघड्या गव्हाणीपाशी उभा राहतो. सुशिला म्हणते, मृगाच्या आत अर्ध्या भागावर तात्पुरते टिन टाकून घ्या, कवेलू मिळाले की काढू. मलेही तसंच वाटते. पण तुला विचारल्याशिवाय करत नाही.

गजेंद्र म्हणतो, आत्याबाई म्युझियम बांधून राहिली. त्याचं मनावर घेऊ नको.

आम्हा सर्वांवर माया आहेच, ती राहू द्यावी.

तुझा
केवळराम

गोंदिया, ३ जून २०२४

चि. केवळराम यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. टिन टाकायचे नाहीत. तात्पुरतं टिन मी शाळेत पाहिलं आहे. वऱ्हांड्यावर एका पावसाळ्यापुरतं टाकलं होतं, मी निवृत्त झाले तेव्हाही ते तिथंच होतं. एकदा टाकलंस की तू कवेलू शोधायला घराबाहेर पडणार नाहीस. मी तुला ओळखते.

मोहाखाली ताडपत्री बांध. बैल मेणाचे नाहीत. चिखलणीत दिवसभर पाण्यात उभे राहतात, तर चार दिवस भिजल्यानं काय होतं? सुशिलेला म्हणावं, थोडा धीर धर. गजेंद्रला सांग, म्युझियम झालंच तर आत पहिल्यांदा त्यालाच मांडीन.

काम नीट होऊ दे. तुम्हा दोघांना माझे आशीर्वाद आहेतच, ते वेगळे मागावे लागत नाहीत.

तुझी
मंदाताई

करंजटोला, २१ जुलै २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

कवेलू पुरे झाले. आढं चढलं. बैलांना अर्जुनी मोरगावला सुशिलेच्या भावाकडे, दुलीचंदकडे नेलं. त्याचा कोठा कोरडा आहे. चिखलणी ट्रॅक्टरनं करून घेतली, रोवणी उरकली. बाकी ठीक. पोळ्याच्या आत कोठा तयार होईल.

कृपा असू द्यावी.

तुझा
केवळराम

करंजटोला, १८ ऑगस्ट २०२४

ती. मंदाबाईंस सुशिलेचा सा. नमस्कार.

तुम्ही पोळ्याला येता आणि खैरा-कबऱ्यासाठी नव्या झुली आणता, असं तुमचं पत्र आलं. यांनी ते वाचलं, घडी घातली आणि बाहेर निघून गेले. म्हणून मी लिहिते.

खैरा राहिला नाही. मृग लागल्यापासून ताडपत्रीखाली चिखलात उभा होता. ताप आला, गळा सुजला. डॉक्टरांनी सुई दिली. घटसर्प आहे म्हणाले, आणि कोरड्यात ठेवायला सांगितलं. आमच्याकडे कोरडी जागा कोणती होती? दोन्ही बैल गाडीत घालून दुलीचंदकडे नेले. खैरा गाडीतून उतरला आणि तिथंच बसला, तो उठला नाही.

ताईंना कळवा म्हटलं, तर म्हणाले, "तिले कायले सांगतेस? तिनं जे केलं ते बैलांसाठीच केलं."

आणखी एक. टिन अंगणात येऊन पडले होते. तुमचं पत्र आलं आणि यांनी ते परत पाठवले. मी त्या दिवशी पुष्कळ भांडले. तुमच्यावरचा राग आता गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. कोठा मात्र चांगला झाला आहे.

लहान तोंडी जास्त लिहिलं, तरी मला दूर करू नये.

तुमची
सुशिला

गोंदिया, २२ ऑगस्ट २०२४

चि. केवळराम यास आशीर्वाद.

सुशिलेचं पत्र मिळालं. तिच्यावर रागावू नकोस. तिनं लिहिलं नसतं तर मी झुली घेऊन दारात उभी राहिले असते, आणि तू मला काय सांगितलं असतंस?

बैलांसाठी म्हणून मी कवेलूंचा हट्ट धरला आणि शेवटी कवेलूच पाहत बसले. तू रोज त्यांच्याजवळ जात होतास. तुला चिखल दिसत होता. इथं खुर्चीत बसून मी ते मेणाचे नाहीत असं लिहून मोकळी झाले. चुकलं माझं. दुसऱ्या शब्दात ते सांगता येत नाही.

आता असं कर. अर्जुनीहून कबऱ्याला घेऊन ये. त्याच्या तोडीचा दुसरा बैल बाजारात बघ, मी घेऊन देते. पोळ्याला तोरणाखाली आपली जोडी उभी राहिलीच पाहिजे. उत्तर लगेच पाठव.

सुशिलेला म्हणावं, राग असू दे, पत्र लिहीत जा.

तुझी
मंदाताई

करंजटोला, २७ ऑगस्ट २०२४

ती. ताईस केवळरामाचा सा. न. वि. वि.

कबऱ्याला आणत नाही. खैरा गेल्यावर त्यानं तणसाला तोंड लावलं नव्हतं. दुलीचंदनं त्याला आपल्या म्हाताऱ्या गाईजवळ बांधलं, तेव्हा खाऊ लागला. आता तिथून त्याला कायले उठवू? दुसऱ्या बैलासंग तो जू घेणार नाही. नव्या बैलाला वळण लावायचं माझंही वय राहिलं नाही. ट्रॅक्टरनं शेती होते हे यंदा पाहून घेतलं. म्हणजे आता आपल्या घरी बैल नाहीत. हे मी ठरवलं, यावर तू पुन्हा लिहू नको.

टिन मीच परत केले. तू काही येऊन नेले नाहीत.

पोळ्याला ये मात्र. कोठा बघ. आढं सरळ आहे, पाणी कुठूनच येत नाही, दुपारी आत गार लागते. सुशिला रोज सकाळी झाडू घेऊन तिकडे जाते. शेण नाही, तणीस नाही. काय झाडून राहिली म्हणून विचारलं, तर रिकामी गव्हाण झाडायला घेते.

आमच्यावर लोभ होता तसाच ठेवावा.

तुझा
केवळराम