डावी पाकळी

प्रिय पप्पू,

पत्र बघून दचकू नको. मी जिवंत आहे, म्हैस जिवंत आहे, आणि तुझी आई तर इतकी जिवंत आहे की सकाळपासून दोनदा माझ्याशी भांडली. पत्र मी सांगते आहे आणि लिहिते आहे ती. मला अक्षराची ओळख नाही हे साऱ्या वाडीला ठाऊक आहे, पण ही सातवी पास. लग्नाच्या मांडवात तिच्या बापानं ते तीन वेळा सांगितलं होतं. म्हणून म्हटलं, ठकू, तुझी सातवी इतकी वर्षं पेटीत घडी घालून पडली आहे, आज जरा उन्हात काढ. मी 'न्हाई' म्हणते तिथं ही 'नाही' लिहिते. लिहू दे, तेवढीच माझी भाषा शहाणी होईल. फोन का नाही केला म्हणशील, तर रेंज पार देवळाच्या टेकाडावर, तिथवर चढले की दम लागतो, आणि एवढं चढून तुझं ऐकायला काय मिळतं, तर 'बरं'. मंगळवारी आईनं तुला कळवलं, देवीनं डावा कौल दिला, नोकरी सोडायची नाही. तू म्हणालास, 'बरं.' तेरा वर्षं जी नोकरी तुला टोचते आहे, तिच्यावर शेवटचा शब्द काय, तर 'बरं'. अरे, दावं ओढलं तर म्हैससुद्धा याच्यापेक्षा जास्त बोलते.

इकडं भात पिवळं पडलं आहे, दिवाळीच्या तोंडावर कापणीला येईल. खालच्या खाचरात रानडुकरं एकदा लोळून गेली. शिवानीला सांग, तिनं पाठवलेली चादर मी पांघरते, पण तिच्यावरची ती मोठी फुलं बघून मांजर घाबरतं. तुझी बायको शहाणी आहे. तुझ्यासारखी गप्प नाही. मागं आली होती तेव्हा मी विचारलं, पप्पू घरी कसा असतो गं? तर म्हणाली, आज्जी, सोमवार ते शनिवार पाहुण्यासारखा असतो आणि रविवारी सारोळ्याहून आला की घरच्यासारखा.

सारोळ्याचं मला आधीच माहीत होतं. कुणी चुगली केली नाही, तुझ्या नखांत अडकलेल्या रंगानं सांगितलं. त्या बंडूच्या शेडमध्ये तू सुट्टीला जातोस, नव्या टेम्पोला पाठ बांधतोस. कंपनी नुसतं तोंड आणि चाकं देते, बाकी हौदा, फळ्या, पत्रा, मागचा फाळका तुम्ही करता. म्हणजे टेम्पोचा शिंपी म्हण की. मी हसले होते तेव्हा. पण वैशाखात डोळ्याच्या ऑपरेशनला तू मला भोरला नेलंस ते वाडीतल्या दूधवाल्याच्या टेम्पोतून. तो तूच बांधलेला. मागं दुधाचे कॅन होते, रस्ता तर तुला माहीतच आहे, निम्मा खड्डा आणि निम्मा दुसरा खड्डा. पण मागून खडखड नाही की आदळआपट नाही. मला एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं तरी एवढं दिसलं, की तू सारखा मान वळवून फाळक्याकडं बघत होतास, तान्ह्या लेकराकडं बघावं तसं. वाटेत विजेचे इतके खांब लागले, तुझ्या रोजच्या भाकरीचे, पण एकाकडं तू मान वर करून बघितलं नाहीस.

आता बंडूचा भागीदार मुलाकडं राहायला निघाला आहे. बंडू म्हणतो, पप्पू, अर्ध्या भागीनं ये, पाडव्यापर्यंत काय ते सांग, मग मी दुसऱ्याला धरणार. त्याचंही बरोबर आहे, टेम्पोवाले थांबत नाहीत. आणि तू रविवारी जाऊन त्याला नाही म्हणणार आहेस, हे मला शिवानीकडून कळलं. म्हणून घाई.

तुझ्या आईचं म्हणणं मी तिच्यासमोरच सांगते, म्हणजे म्हातारीनं एकच बाजू लिहवून घेतली असं व्हायला नको. ती म्हणते, पर्मनंट नोकरी कुत्र्याच्या छत्रीसारखी उगवत नाही. ती म्हणते, बंडूची शेड हायवेला, उद्या रस्ता रुंद झाला की शेड गेली. ती म्हणते, पदरात पोरगी आहे. सगळं खरं आहे. पण हे ती तुला सांगते ते. मला ती एकदाच वेगळं म्हणाली होती, भांडी घासता घासता, माझ्याकडं न बघता. म्हणाली, आत्या, ही नोकरी ते जीव देऊन ठेवून गेलेत, त्यानं सोडली तर ते दुसऱ्यांदा जातील. मी, जिच्याकडं सगळ्याला उत्तर असतं, ती राखेनं तवा घासत बसले.

भिमा, तुझा आबा, गेला तेव्हा तू वीस वर्षांचा. पावसात खांबावरून पडला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. बापाच्या जागी मुलाला घेतात असा नियम आहे म्हणाले. वाडी म्हणाली, नशीब, पोराचं तरी झालं. तुला कुणी विचारलं नाही की बाबा, तुला काय पाहिजे, आणि विचारलं असतं तरी तू 'बरं'च म्हणाला असतास. पहिल्या दिवशी तू कामावर निघालास तेव्हा तुझी आई दारात उभी राहिली, अगदी तशीच, जशी ती त्याच्यासाठी उभी राहायची, एक हात चौकटीवर. मी आतून बघत होते. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम येतात, तुला म्हातारा झाल्यावर कळेल.

भिमाच्या पडण्याबद्दल आम्ही दोघी आजपर्यंत एक शब्द बोललेलो नाही. एका चुलीवर भाकऱ्या थापल्या, एका तांब्यानं पाणी प्यायलो, मिठावरून भांडलो, कोंबड्यांवरून भांडलो, एकदा तर देवाच्या वातीवरून आठवडाभर अबोला धरला. पण ते नाही. तिचा नवरा गेला, माझा मुलगा गेला. कुणाचं जास्त गेलं हे मोजायला बसलो असतो तर एका घराची दोन घरं झाली असती. म्हणून गप्प राहिलो. गप्प राहायची सवय तुला कुठून लागली ते बघ.

ठकू, आता जे सांगते ते नुसतं लिही, मधे बोलू नको. ती विचारते आहे, काय आता? लिही म्हटलं ना.

पप्पू, तू मला शपथ घातली होतीस. ती आज मोडते. श्रावणात तो वारा सुटला होता, तेव्हा इकडं माणसं कमी पडली म्हणून तुम्हाला भोरवरून बोलावलं होतं. पालीच्या वरच्या अंगाला तार तुटली होती. लाइन बंद केलेली, सगळं नीट तपासलेलं, भ्यायचं काही कारण नव्हतं. तू खांबावर चढलास आणि वर गेल्यावर तुझे हातपाय आखडले. ना वर जाता येईना, ना खाली. खांबाला मिठी मारून राहिलास. शेवटी तुझा जोडीदार वर आला आणि एकेक पाऊल हातानं धरून त्यानं तुला उतरवलं. मग तू घरी आलास. आई खाचरात होती. मी वाल सोलत बसले होते. तू माझ्यासमोर बसलास आणि सोलायला लागलास. दाणे टरफलांत टाकत होतास आणि टरफलं दाण्यांत. मी हटकलं नाही. मग म्हणालास, आज्जे, वरून खाली बघितलं तर मला आबा पडलेले दिसले. आणि म्हणालास, प्रत्येक वेळी दिसतात, आज फक्त हात सुटेनात. आणि मग, आईला सांगू नको, ती मरेल.

इथं तुझ्या आईनं पेन खाली ठेवलं. चहा टाकते म्हणून उठली, चुलीपाशी नुसती उभी राहिली, चहा काही टाकला नाही. बाहेर जाऊन म्हशीला उगाच दोन शिव्या दिल्या. आता परत येऊन बसली आहे. विचारते, मला का नाही सांगितलं त्यानं? मी म्हटलं, ते तूच त्याला विचार, माझं पत्र आधी पुरं कर. कागदावर पाण्याचा डाग पडला असेल तर तो तिचा, माझा नाही. तू म्हणाला होतास ती मरेल. मेली नाही बघ. चिडली आहे. तुझ्यावर, माझ्यावर, म्हशीवर. चिडलेलं माणूस बरं असतं रे, गप्प माणसाची मला भीती वाटते.

आता कौलाचं. कौल लावायचं हिनंच काढलं होतं. उजवा आला तर खुशाल सोडू दे, डावा आला तर पुन्हा शब्द काढायचा नाही. तुम्ही दोघं कबूल झालात. मला कुणी विचारलं नाही, फक्त सांगितलं की मंगळवारी आंघोळ लवकर करा. आपल्या वाघजाईची रीत तुला माहीत आहे. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना पाणी लावून एकेक पाकळी चिकटवतो, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसानं प्रश्न मनात धरायचा. मोठ्यानं बोलायचा नाही. उजवी पाकळी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. आपल्या घरात वडील म्हणजे मी. बाकी वडीलपणाचं माझ्याकडं काही उरलं नाही, हे एवढं मात्र अजून माझं आहे.

गुरवानं विचारलं, धरलं का आज्जी मनात? मी म्हटलं, धरलं. मग बसलो बघत. पाकळ्या काही हलेनात. दिव्याची वात एकदा पुढं सारावी लागली. तुझी आई हात जोडून डोळे मिटून उभी, ओठ नुसते हलत होते. मी तिच्याकडं बघितलं आणि मला वाटलं, ही देवीला सांगते आहे की माझ्या नवऱ्याला पुन्हा नेऊ नको. आणि मी देवीसमोर बसून भलतंच काही सांगते आहे. एका देवीला दोन बायका, एकाच माणसासाठी, दोन बाजूंनी ओढत होतो. मग डावी पाकळी सुटली, देवीच्या हातावरून घरंगळली आणि खाली पडली. हिनं डोळे उघडले, पाकळी बघितली, देवीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तशीच बाहेर पळाली, तुला फोन करायला. गुरव मला म्हणाला, उठा आज्जी, झालं. मी उठले नाही.

पप्पू, मी काय मनात धरलं होतं हे त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी आपापलं धरून घेतलं की म्हातारीनं विचारलं असणार, पोरानं नोकरी सोडावी का. मी ते विचारलं नव्हतं. माझ्या तोंडी, नाही, माझ्या मनी ते येईना. मी देवीला विचारलं, बाई, एक खांबावरून गेला, हा दुसराही मी खांबावर चढवत राहू का? आणि डावी पाकळी पडली. नाही म्हणाली ती. त्याच देवळातून, त्याच पाकळीवरून तुझी आई तुला नोकरीत राहा सांगायला पळत गेली, आणि मला उठता आलं नाही. हे तिला त्या दिवशीच तोंडानं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आत्या, तुम्ही खोटं बोलता, नातवाची बाजू घेता. आम्ही भांडलो असतो, मग गप्प बसलो असतो, आणि तू रविवारी बंडूला नाही म्हणून आला असतास. फोनच्या रेंजचं वर लिहवलं ती सबब आहे. खरं असं, की हे सगळं तिच्याच हातातून जायला हवं होतं. बघ, आत्ता ती लिहिते आहे, सावकाश, आणि मला काहीच म्हणत नाही. मला वाचता येत नाही. मी सांगितलेलं एखादं वाक्य तिनं गाळलं तर मला कधी कळणार नाही, आणि वाटलं तर हा अख्खा कागद ती चुलीत घालू शकते आणि मला सांगू शकते की शेजारच्या सोनियाकडं दिला, कॉलेजला जाताना भोरला तुला देईल. मी तिला अडवणार नाही. तिचा हक्क आहे. म्हणून हे तुझ्या हातात आलं आणि इथपर्यंत वाचायला मिळालं, तर कौलाचा विचार करत बसू नको, माझाही करू नको. एवढंच समज की तुझ्या आईनं तुला खाली उतरवलं.

तुझीच आज्जी,
अंगठा माझा, अक्षर तिचं