छताखालचं कल्याण

१४ जुलै, सोमवार. सकाळी ७.१०
ठरलं. कल्याण सोडायचं नाही.
काल केदारचा फोन. म्हणे, बाबा, आता पुरे झालं, दोघंही ठाण्याला आमच्याकडे या, सत्ताविसाव्या मजल्यावरून खाडी दिसते. खाडीच बघायची तर दुर्गाडी किल्ल्यावरून बघेन, तिथे लिफ्ट लागत नाही. पण हे बोललो नाही. पोराचं मन कशाला मोडा? म्हणालो, माझं काही नाही रे, मी कुठेही राहीन, आईचं बघ. तेव्हा तो म्हणाला, आईने स्वतःच्या तोंडाने 'नको' म्हटलं तर विषय संपला, मी पुन्हा काढणार नाही. नाहीतर पंचवीस तारखेला, शुक्रवारी, एजंट घर बघायला येणार.
म्हणजे सगळं सुमतीच्या एका शब्दावर. तिला विचारलं, तर म्हणाली, तुमचं काय ते ठरवा. बेचाळीस वर्षांचा संसार आहे, मला तिचं मन बरोबर कळतं. याचा अर्थ, तिला इथे कंटाळा आलाय. येणारच. बिचारीने या गावात पाहिलंय काय? गॅस, गच्ची आणि शनिवारचं मंदिर.

७.४०
उपाय सापडला. तिला कल्याण दाखवायचं. दोन हजार वर्षांचं बंदर आहे हे! फक्त पाऊस आहे, तिचे गुडघे आहेत, आणि डॉक्टरांनी घसरू नका म्हणून बजावलंय. म्हणून सगळं छताखालचं. अंगावर एक थेंब न पडता अख्खं गाव. गुरुवारी, २४ तारखेला. त्या दिवशी अमावस्या आहे, पण मी असलं काही मानत नाही. संध्याकाळी तिच्या तोंडून 'नको' निघालंच पाहिजे.
यादी: १) थिएटर. २) वाचनालय. ३) आणखी शोधणे.

१५ जुलै, मंगळवार. दुपारी
केदारला वाटावं की आपण आवराआवरीला लागलोय, म्हणून थोडं आवरलं. शत्रूला गाफील ठेवावं. चौतीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर होतो. शिक्षण सातवी, इंग्रजी शिकलो ते खोक्यांवरची लेबलं वाचून. पण माझ्या स्टोअरमधून एक वॉशर हरवला नाही. नियम एकच: ज्याचा उपयोग सांगता येत नाही, तो मृत माल.
स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर वीतभर लांबीची लोखंडी किल्ली. घरातल्या सातही कुलुपांना लावून पाहिली. एकालाही नाही. मृत माल! फुटका कुकर, दोन नळ आणि ती किल्ली भंगारवाल्या विकीला दिली. बदल्यात निळी बादली मिळाली. मजबूत आहे.
सुमती संध्याकाळी म्हणाली, ही बादली कुठली? म्हटलं, स्कीम होती.

१७ जुलै, गुरुवार
मोहिमेआधी टेहळणी. एकटाच गेलेलो. पाऊस मी म्हणत होता.
थिएटर सापडेना. दोन चकरा मारल्या. शेवटी रिक्षावाला म्हणाला, काका, ते बंद होऊन बारा वर्षं झाली, आता वर जिम आहे. यादीत दुरुस्ती: १) जिम (फक्त छत दाखवणे, आठवणी सांगणे).
वाचनालय जागेवर आहे. तिथल्या बाईंनी नाव विचारलं. विश्राम, पुढे आडनाव, असं पूर्ण सांगितलं. त्या एकदम उठल्याच. म्हणाल्या, म्हणजे सुमतीकाकूंचे मिस्टर का तुम्ही? बसा, बसा. बघा, माणसाने सचोटीने नोकरी केली की असं होतं. माझ्यामुळे सुमतीचं नावसुद्धा लोकांना ठाऊक!
त्यांनीच सांगितलं की पारनाक्याजवळच्या मंदिराच्या माडीवर दिव्यांची खोली आहे. गावातल्या जुन्या घरांनी दिलेले एकशे बारा दिवे. समया, लामणदिवे, हातभर निरांजनं. मी उडालोच. सुमती दर शनिवारी त्याच मंदिरात दर्शनाला जाते. पण माडी कुठली चढते ती, गुडघे आहेत ना! तिला तिथे नेलं की काम फत्ते.

१८ जुलै, शुक्रवार
दिव्यांची खोली बंद. सागवानी दार आणि त्याला नारळाएवढं कुलूप. रखवालदार महिपत म्हणाला, चावी काकूंकडं असते, उद्या दुपारी येतील त्या, मग बघा निवांत. दुपारी एक ते चार माझी झोप असते, हे त्याला काय सांगणार? म्हटलं, गुरुवारी? तो म्हणाला, गुरुवारी तर उघडणारच काका, दिव्याची अमावस्या, सगळे दिवे लागतात.
वा! दैव देतं तेव्हा छप्पर फाडून देतं. म्हणजे छताखाली राहून.

१९ जुलै, शनिवार. दुपारी १२.४०
झोपायच्या तयारीत असताना सुमतीने विचारलं, अहो, दारामागची किल्ली बघितलीत का? म्हटलं, नाही दिसली. हे खोटं नाही. आज खरंच दिसली नाही.

सायंकाळी ५
ती अजून शोधते आहे. डाळीचे डबे उपसले, गादी उचलली. एवढं काय त्यात? आईच्या ट्रंकेची असेल. नवी ट्रंक घेऊन देईन. गुरुवारी फिरायला जायचंय एवढं तिला सांगून ठेवलंय, आत्ता बोललो तर तो मूड जाईल. मोठ्या कामासाठी लहान गोष्टी पोटात घालाव्या लागतात.

२० जुलै, रविवार
केदार आणि सूनबाई आसावरी येऊन गेले. आसावरी म्हणाली, आई, तिकडे खाली गार्डन आहे, सीनिअर सिटिझनचा ग्रुप आहे, तुम्हाला ओळखी होतील. सुमतीचा चेहरा उतरलेला. जेवलीही नाही धड. केदार मला गॅलरीत घेऊन म्हणाला, बघितलंत? आई इथे खूश नाहीये, एजंटला नक्की सांगतो.
मी म्हटलं, गुरुवारपर्यंत थांब. तो म्हणाला, गुरुवारी काय आहे? मी नुसता हसलो. छातीत मात्र धडधड झाली. गॅस असेल.

२२ जुलै, मंगळवार
घात!
माडीवर गेलेलो, गुरुवारची वेळ पक्की करायला. महिपत कपाळाला हात लावून बसलेला. दिव्यांच्या खोलीची किल्ली हरवली! कुलूप जुन्या बनावटीचं, दुसरी किल्ली नाही, तोडायचं तर दाराची कडी उखडेल. विश्वस्त चिडलेत. महिपत म्हणाला, काकू रडकुंडीला आल्यात, त्यांच्या घरात कोणीतरी साफसफाई केली म्हणं, तेव्हापासून नाही.
कसली कसली माणसं असतात! विचारायचं नाही, पुसायचं नाही, उचललं की फेकलं. आणि त्या बाईही धन्य. सार्वजनिक वस्तू घरात खिळ्याला टांगतात काय?
मला राहवेना. तिथेच बसून अर्ज लिहिला. 'महोदय, सदर चावी ज्या व्यक्तीच्या ताब्यात होती व ज्या इसमाने ती गहाळ केली, त्या उभयतांवर योग्य ती कारवाई व्हावी. मालाची नोंद व ताबा यांत हलगर्जी चालत नाही.' खाली 'एक जागरूक नागरिक'. अक्षर छान आलं. महिपतकडे दिला.
घरी येताना मन हलकं. पण 'खिळ्याला टांगतात' हे मी कशावरून लिहिलं वर? महिपत तर खिळ्याचं काही बोलला नव्हता. असो.

२३ जुलै, बुधवार. सकाळी ११.१५
घाईत लिहितोय. अक्षराकडे दुर्लक्ष करावं.
खालच्या मजल्यावरची गोदा आलेली. सुमती बाहेर गेली होती. गोदा म्हणाली, काका, काकूंना जरा धीर द्या, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा असं झालंय. म्हटलं, कसं? ती म्हणाली, अगं बाई, दिव्यांच्या खोलीची किल्ली! तुम्हाला माहीत नाही? दर शनिवारी आम्ही अकरा जणी दिवे घासतो, काकूच मुख्य. तुम्ही झोपलेले असता ना तेव्हा.
दारामागचा रिकामा खिळा माझ्याकडे बघतोय.

११.३०
निश्चय: किल्ली परत आणायची. सुमतीला कळायच्या आत.

सायंकाळी ५
विठ्ठलवाडीला विकीच्या गोदामात गेलेलो. विकी नव्हता. तिथला माणूस म्हणाला, सेठ कल्याणला गेलाय, कोणाची तरी वस्तू परत द्यायची होती, तुम्ही बघा पाहिजे तर. बघितलं. अडीच तास. घोटाभर पाणी, वर पत्रा गळका. छताखालीच भिजलो. नऊ किल्ल्या सापडल्या, सगळ्या टिचभर. आमचा कुकरसुद्धा भेटला. ओळख दाखवली नाही त्याने.
घरी आलो. सुमती घरात होती. कुठे गेला होतात, असं विचारलं नाही. आल्याचा चहा दिला. निळ्या बादलीत कढत पाणी काढून दिलं. एवढी शांत का आहे ही? सकाळपर्यंत चेहरा उतरलेला होता.

५.४०
निश्चय: चहा संपला की कबूल करणार.

७.००
जेवणानंतर. रिकाम्या पोटी माणसाने वाईट बातमी ऐकू नये.

८.३०
ती लवकर झोपली. झोपलेल्या माणसाला उठवणं पाप. उद्या सकाळी, पहिलं वाक्य तेच.

२४ जुलै, गुरुवार. सकाळी ८
पहिलं वाक्य: चहात साखर कमी आहे. दुसरं सुचलं नाही.
सुमती म्हणाली, कुठे कुठे न्यायचंय ते चला, मला बाराच्या आत मंदिरात पोचायचंय. तिच्या हातात डबा. कणकेचे गोड दिवे. किल्ली नाही आणि ही दिवे घेऊन निघालीय!

दुपारी ३.३०
जसं घडलं तसं लिहितो.
आधी जिमखाली रिक्षा थांबवली. सांगत होतो की इथे एकेकाळी बाल्कनी होती, एवढ्यात जिममधली मुलगी धावत आली. काकू, तीन दिवस कुठे होतात? गुडघ्याचे व्यायाम बुडाले ना! सुमती म्हणाली, उद्यापासून येते गं. मला वाटायचं सकाळी ती दुधाला जाते. दूध आणायला पाऊण तास का लागतो, हे मी कधी विचारलं नव्हतं.
वाचनालयात त्या बाईंनी तिला स्वतःची खुर्ची दिली. मला स्टूल. वाटेत भाजीवाली, औषधवाला, फुलवाला, सगळे काकू, काकू. माझ्याकडे बघून एकाने विचारलं, पाहुणे आलेत का? मी गाव दाखवायला निघालो होतो आणि गावाला वाटत होतं मीच बघायला आलोय.
मंदिराच्या माडीला बावीस पायऱ्या. ती पुढे, मी मागे, धापा टाकत. वर बाकीच्या दहा बायका, हातात वाती, तेलाच्या बरण्या. पाऊस पत्र्यावर ताशा वाजवतोय. कुलूप तसंच. बाजूला कुलूपवाला कटर घेऊन उभा. आणि विश्वस्तांचे सेक्रेटरी कागद घेऊन. कागद ओळखीचा.
त्यांनी मोठ्याने वाचला. 'सदर चावी ज्या व्यक्तीच्या ताब्यात होती' इथे सगळ्यांनी सुमतीकडे बघितलं. 'व ज्या इसमाने ती गहाळ केली' इथे मी भिंतीवरची पाल बघितली. शेवटी ते म्हणाले, अर्ज निनावी असला तरी मुद्दा रास्त आहे. सुमतीकाकू, तुमचं म्हणणं काय?
सुमती म्हणाली, ताबा माझा होता. जबाबदार मी. आजपासून काम सोडते, नाहीतरी मुलगा ठाण्याला बोलावतोय.
कुलूपवाल्याने कटर उचललं.
एकोणीस वर्षं. आणि मी तिला या गावात करमत नाही म्हणून फिरवत होतो. तोंड उघडलं, आधी खोकलाच आला. मग म्हणालो, थांबा. किल्ली मी दिली. भंगारात. तिला न विचारता. अर्जही माझाच.
कोणीच चकित झालं नाही. गोदा पदर तोंडाला लावून हसत होती. बाकीच्यांनाही आवरेना. महिपत म्हणाला, काका, लई वेळ लावलात.
सुमतीने कमरेची पिशवी सोडली आणि वीतभर लोखंडी किल्ली काढून कुलपाला लावली. विकीने काल दुपारीच आणून दिली होती. किल्ली ओळखीची वाटली म्हणे त्याला, दिवाळीत तोच खोलीतलं भंगार नेतो. काल दुपारी, म्हणजे मी त्याच्या गोदामात घोटाभर पाण्यात होतो तेव्हा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही विठ्ठलवाडीपर्यंत.
एकशे बारा दिवे लागले. मी पाहिलं नव्हतं असं काही कधी. एक समई पाहून थबकलो, खाली माझ्या आईचं नाव कोरलेलं. म्हटलं, ही कधी दिलीस? सुमती म्हणाली, तुम्ही पितळ म्हणून मोडीत काढायला निघाला होतात तेव्हा.

सायंकाळी ७
केदारचा फोन, स्पीकरवर. आई, काय ठरलं? सुमती म्हणाली, नको रे. मी इथेच. शनिवार सोडून कधीही या दोघं. मग म्हणाली, तुझ्या बाबांना न्यायचं असेल तर ने हो, ते म्हणाले होते ना, मी कुठेही राहीन.
केदार हसत होता. मी अजून हसलेलो नाही.

२५ जुलै, शुक्रवार
एजंट आला नाही. मोहीम फत्ते, माझ्या योजनेप्रमाणे.
सेक्रेटरींचा निरोप आला. माझ्या अर्जावर कारवाई झाली आहे. सदर इसमाने दर शनिवारी दुपारी एक ते चार दिवे घासावेत. चिंच स्वतःची आणावी.
किल्ली दारामागच्या खिळ्यावर परत आली. तिला दोऱ्याने पुठ्ठ्याचं लेबल बांधलंय, स्टोअरमध्ये मी बांधायचो अगदी तसंच. अक्षर सुमतीचं: 'चालू माल. विश्रामने हात लावू नये.'
निळ्या बादलीत चिंच भिजत घातली आहे.