जाहिरातीतली जोडी

मी, लिओकाडिया वॉयचिक, वय एकाहत्तर, धंदा चित्रकारी, लग्न केलेलं नाही, राहणार हॅमट्रॅमिक, डेट्रॉइटला लागून. खालची व्यवस्था मी राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा भाचा स्टॅनली त्यावर शंका घेणार हे मला ठाऊक आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक स्टॅनलीला. बर्फ पडला की माझं दार तोच मोकळं करतो. एवढ्यावर त्याने समाधान मानावं.

२. ब्रश, रंग आणि तिरकं टेबल चर्चच्या शाळेला.

३. माझे भागीदार कै. ड्वाइट हॉलिस्टर. बावीस वर्षं आम्ही मोटारींच्या जाहिराती रंगवल्या. गाडी ते काढत, खरीपेक्षा हातभर लांब. माणसं मी काढायची, पाऊण मापाची, म्हणजे गाडी ऐसपैस दिसे. सही मात्र एकट्या त्यांची. त्यांना मी काही ठेवत नाही, माफीसुद्धा नाही.

४. मागे पंख असलेल्या लाल गाडीचं १९५८ सालचं मूळ चित्र शेजारीण अर्लीन टिब्स हिला. त्या गाडीत मी तिला आणि तिचा नवरा ऑर्विल याला बसवलं होतं. ते पंख कारखान्यात ऑर्विलच जोडायचा. जाहिरात कचेरीतले साहेब म्हणाले, "काळी माणसं? बाई, आम्हाला गाडी विकायचीय. गोरी करून आणा."

मी गोरी करून दिली. काम टिकवायचं होतं, आणि त्याची लाज मला अजून वाटते. पण आधी टिब्स जोडप्यावर वार्निशचा हात मारला आणि वरची माणसं पाण्यात विरघळणाऱ्या रंगात काढली. छपाई झाल्यावर चित्र मागून घेतलं. ऑर्विल ते न पाहताच गेला.

एका संग्रहालयाला हे चित्र छापलं तसंच विकत हवं आहे. स्टॅनली म्हणतो, "आत्या, धुतलंस तर त्याला कोण विचारणार?"

५. माझ्या पश्चात चित्र धुवावं, असं इथे लिहिणार होते. पण मी गेल्यावर स्टॅनली कोर्टात जाईल. म्हणून आजच, वकील, साक्षीदार आणि अर्लीन यांच्यासमोर, कोमट पाणी आणि स्पंज घेऊन मीच ते धुतलं. आधी गोऱ्या बाईची टोपी गेली, मग तिचा नवरा, आणि खालचं टिब्स जोडपं दिसू लागलं.

अर्लीन चित्राजवळ वाकली. मग म्हणाली, "तो शर्ट मी शिवला होता गं. अन् चालवतोय बघ कसा, रस्ता बापाचा असल्यासारखा. आम्ही जन्मभर बसनं हिंडलो."

"हो."

"अन् हे मला दाखवायला तुला एकोणचाळीस वर्षं लागली?"

"लागली," मी म्हणाले.

६. कलम चार रद्द समजावं. अर्लीन चित्र आत्ताच घरी घेऊन गेली. ते चित्र आता माझी मिळकत नाही, त्यामुळे त्याच्यावरून भांडायला कोणी कोर्टात जाऊ नये.

सही: लिओकाडिया वॉयचिक

साक्षीदार: डॉ. कॅसिमिर झारेम्बा, मिसेस पर्ल ओडम, परिचारिका

हॅमट्रॅमिक, १४ ऑक्टोबर १९९७