धरायचं की अडवायचं

आबा, गेल्या आठवड्यात आपल्या शाळेच्या बक्षीस समारंभाला पाहुणी म्हणून गेले होते आणि तिथं तुमची गोष्ट पुन्हा सांगितली. वाकडी करंगळी वर करून दाखवली, तुमच्या आवाजात "धर!" म्हणून ओरडले, आणि पोरी पोट धरून हसल्या. चाळीस वर्षं ही गोष्ट सांगतेय, ती हमखास चालते. त्या दिवशी मात्र घरी आल्यावर जेवण गेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

तुम्ही पेठेच्या फुटबॉल संघात दोन हंगाम गोलकीपर होतात आणि पुढं शिरोलीच्या फाउंड्रीत साचे भरतानाही तुमच्या अंगातला गोलकीपर काही गेला नाही. रविवारी सकाळी मंगळवार पेठेतल्या आपल्या बोळात मला भिंतीला पाठ लावून उभं करायचात आणि चेंडू छातीशी घट्ट धरायला शिकवायचात. शेजारची माणसं म्हणायची, पोरीला कशाला हे? तुम्ही लक्षच दिलं नाही. मग आठवीत शाळेच्या खेळाच्या बाईंनी हँडबॉल आणला. हा खेळ कुणी पाहिलेलाही नव्हता. गोलमध्ये उभं राहायला एकही पोरगी तयार होईना, कारण सहा मीटरवरून फेकलेला चेंडू उघड्या हातांवर, मांड्यांवर, कधी तोंडावर बसतो. मी उभी राहिले. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, इथं चेंडू धरायचा नाही, हात-पाय पसरून नुसता अडवायचा. ते मी संध्याकाळी स्वयंपाकघरात सांगितलं तेव्हा तुमच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. "धरायचा न्हाय? मग गोलकीपर कशाला म्हणायचं त्येला?" चुलीपुढून आई कडाडली, "पोरीच्या अंगावर चेंडू मारत्यात, आणि तुमाला धरायचं पडलंय व्हय!" दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही भट्टीजवळ वापरतात त्या जाड कापडाचा तुकडा मागून आणलात आणि आईकडून माझ्या गुडघ्यांना पट्टे शिवून घेतलेत. पुढं किती तरी महागाची साधनं वापरली, पण ते पट्टे अजून माझ्या कपाटात आहेत.

अकरावीतला तो सामना. त्यातून राज्याच्या संघासाठी निवड होणार होती. तुम्ही पांढरा शर्ट घालून, शिफ्टमधली अर्धी माणसं बरोबर घेऊन शिरोलीहून सायकलींवरून आलात आणि पहिल्या मिनिटापासून प्रत्येक चेंडूला "धर! धर की!" सुरू केलंत. समोरच्या संघातल्या पोरी तोंड लपवून हसत होत्या आणि माझा जीव लाजेनं अर्धा झाला होता. शेवटी बरोबरी, आणि त्यांना पेनल्टी मिळते. सात मीटरवर एक उंच पोरगी उभी आहे. शिट्टी वाजते. चेंडू माझ्या करंगळीवर आदळतो, करंगळी उलटी वळते आणि चेंडू आत जातो. आम्ही एका गोलनं हरलो. निवड झाली नाही.

घरी तुम्ही मोरीत बसून नखांतली काळी वाळू घासत होता. मी दारात उभी राहून म्हणाले, "तुमच्यामुळं गेला गोल. तुम्ही धर म्हणून ओरडला, म्हणून माझा हात धरायला पुढं गेला." तुम्ही घासायचं थांबलात. मला वाटलं, आता चढेल आवाज, सगळ्या बोळाला ऐकू जाईल. तुम्ही एवढंच म्हणालात, "व्हय काय? चुकलं मग माझं. आता न्हाय येत मी." आणि खरंच आला नाहीत.

पुढच्या वर्षी माझी निवड झाली. खेळावरच एका सरकारी खात्यात नोकरी लागली, नऊ वर्षं त्या खात्याच्या संघाकडून गोलमध्ये उभी राहिले, निम्मा देश फिरले. सुट्टीला आले की दारातच तुमचा प्रश्न असायचा, "कितीक अडीवलं?" तुम्ही 'धर' हा शब्दच टाकून दिला होतात. साधं ताट हातात द्यायचं असलं तरी मला "घे" म्हणायचात. मला तेव्हा वाटायचं, जिंकले मी. त्याची आता लाज वाटते.

तुम्ही गेलात तेव्हा मी परगावी सामन्याला होते. तिसऱ्या दिवशी तुमच्या शिफ्टमधले काका आले, चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाले, "तुमचा संघ हितं खेळाय आला की आबा यायचा की. पाण्याच्या टाकीमागं हुबा ऱ्हायचा. टावेलाचा बोळा तोंडात कोंबून." मी विचारलं, बोळा कशाला? ते म्हणाले, "आवाज भाईर पडू नये म्हून. तुझा खेळ बिघडतोय म्हनायचा." आई आत भांडी लावत होती, ती तशीच उभी राहिली. तिलाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशीच आईला तरी खरं काय ते सांगायला हवं होतं. ती आणखी बारा वर्षं होती. नाही सांगितलं. गेल्या आठवड्यातल्या त्या समारंभात एका पोरीनं उठून विचारलं, "मॅडम, मग तुम्ही वडलांना माफ केलं का?" सगळे पुन्हा हसले. मीही हसले आणि म्हणाले, "केलं की." हा कागद त्याच जाड पट्ट्यांखाली ठेवणार आहे, तो कुणी वाचायचा नाही.

आबा, त्या पेनल्टीला तुमचा आवाज मला ऐकूच आला नव्हता. त्या पोरीनं हात मागं नेला आणि मी भिऊन डोळे मिटले होते.