काळ्या कापडाची खिडकी

३ डिसेंबर १९९३
आले एकदाची इंदूरला! सांगलीहून निघताना आई रडली. मी गाडीत पोटभर शेंगदाणे खाल्ले. बिजवर पत्करला म्हणून मैत्रिणींनी नाकं मुरडली, मुरडू देत. श्रीराम शांत आहेत, आणि त्यांची चार वर्षांची ईशा आल्या आल्या माझ्या मांडीवर चढली. मल्हारगंजातलं घर लहान पण नीटनेटकं. फक्त आतल्या खोलीच्या खिडकीवर वरपासून जमिनीपर्यंत काळं कापड ठोकलंय. सासरे बाबूराव मिलमध्ये कायम रातपाळीला, दिवसा झोपायचे, म्हणून. दर दिवाळीला मिलमधून मिळालेल्या कापडाचा आणखी एक थर ते चढवत. मिल बंद पडून दोन वर्षं झाली. थर तसेच आहेत, दिवसाची झोपही.

९ डिसेंबर
ईशा दिवसभर आजोबांच्या कुशीत, अंधारात. तिची आई भानुमती याच खोलीत बाळंतपणाच्या तापाने गेली. तेव्हापासून नात नजरेआड झाली की बाबांचा जीव कासावीस होतो. पोरीचे पाय गुडघ्यातून वाकलेत. कापडाला नखाएवढं भोक आहे. त्यातून येणाऱ्या कवडशात ती तळहात धरून बसते. भोक कुणी पाडलं, विचारलं तर म्हणाली, "मम्मीने. तिला पण धूप पाहिजे ना." मी हसून घेतलं, पण बरं वाटलं नाही.

१७ डिसेंबर
ईशाला डॉक्टरांकडे नेलं. ऊन नाही, म्हणून ड जीवनसत्त्व नाही, म्हणून हाडं वाकली, म्हणाले. जखम चिघळून अंगात दाह भडकला तर तो आवरायलाही हे जीवनसत्त्व मदत करत असावं, असं काही डॉक्टरांना वाटतं. अजून पक्कं नाही. औषध दिलं, रोज उन्हात बसवा म्हणाले.
घरी कापड काढायला गेले तर बाबा लहान मुलासारखे रडले. "सूनबाई, परदा नको हटवू. रात्री ड्यूटी आहे ना." सासूबाईंनी मला हात जोडले. मला रागही आला, दयाही आली. श्रीराम म्हणाले, संक्रांतीला गच्चीवर ईशाचं बोरन्हाण करू, तेव्हापासून रोज ऊन देऊ. तोवर बाबांची समजूत घालतो. मी ऐकलं.

२८ डिसेंबर
दुपारी कापडावर नखं घासल्याचा आवाज. घूस असेल म्हटलं. पण बाबा झोपलेले, ईशा माझ्या मांडीवर, आणि आवाज खोलीच्या आतून. भोक बोराएवढं झालंय. संध्याकाळी बाबांनी ते शिवून टाकलं.

८ जानेवारी १९९४
ईशा अंधारात उंबऱ्याला अडखळली. गुडघा फुटला. सासूबाईंनी मिलच्याच कापडाचं तिला काळं झबलं शिवलंय. मी हलव्याचे दागिने करते आहे. मुकुट छान जमलाय.

११ जानेवारी
गुडघा टरटरून सुजला. अंग भाजतंय. दवाखान्यात आणलंय. रक्तात विष भिनलं, म्हणतात. ऊन मिळालं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ती मला ओळखत नाही.

१४ जानेवारी
ईशा गेली. घरी मुकुट तसाच —

१९ जानेवारी
पुन्हा नखं. आता दोन ठिकाणी. एक वर, शिवलेल्या भोकापाशी. एक खाली, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर —
बाबा दचकून उठले. ईशा, म्हणाले.

२० जानेवारी
बाबांनी स्वतः पक्कड आणून दिली. "ड्यूटी संपली, सूनबाई."
थर निघता निघत नाहीत. बोटं रक्ताळली — दर थरावर आतून ओरखडे —

शेवटचा थर निघाला. ऊन. जमिनीवर लांबपर्यंत ऊन. बाबा त्यात आडवे झालेत. हाक मारली, उठत नाहीत.
त्यांच्याजवळ दोन तळहात, उताणे. नुसते तळहात. एक मोठा. एक —

लहान हाताने माझा पदर धरलाय. किती गार गं, ईशा. ये, उन्हात धर. आता कुणी नाही म्हणणार नाही, बाळा, मी तुला